मावुतो सरांची सुटका

त्या दिवशी सकाळी मावुतो सरांनी कोट घातला, तेव्हाच अख्ख्या लिकोमा बेटाला कळलं की आज काहीतरी आहे.

बेटावर कोट दिसायचा तो लग्नात, नाहीतर मयतीला. लग्न कुणाचं नव्हतं. म्हणून पाण्याशी भांडी घासणाऱ्या बायकांनी चेहरे लांब करून विचारलं, "कोण गेलं हो, सर?"

"कोणी गेलं नाही," सर म्हणाले. त्यांचे डोळे लांब सरोवरात उभ्या असलेल्या आगबोटीवर होते. "कोणीतरी येतंय. आणि ते आलं की मी जाणार!"

बायका पुन्हा भांड्यांना लागल्या. सर जाणार, हे त्या तीन वर्षं ऐकत होत्या.

मावुतो ब्लांटायर शहरातला. डांबरी रस्त्यांवर वाढलेला. गणिताचा मास्तर म्हणून सरकारने त्याला उचलून सरोवराच्या मधोमध ठेवला, त्या दिवसापासून तो बदलीचे अर्ज करत होता. कचेरीतून एकच उत्तर येई – तुमच्या जागी यायला कोणी तयार झालं, तर खुशाल या. तयार कोण होणार? आजवर दोघं आले. एकाने होडीतूनच बेट पाहिलं आणि होडीतूनच परत गेला. दुसरा उतरला, बाजारात गेला, 'इथे कांदे कुठे मिळतात?' असं विचारलं आणि त्याच बोटीने पसार झाला. तेव्हापासून मुख्याध्यापिका चिपेता बाईंनी नियमच केला, की जो येईल त्याला सबंध बेट पायी फिरवून दाखवायचं, आणि संध्याकाळी बोट सुटायच्या आत त्याने हो की नाही ते सांगायचं. फसवून कुणाला ठेवायचं नाही.

"फिरवायला मी जातो, बाई!" मावुतो घाईघाईने म्हणाला होता.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं. "तुम्ही? शाळा आणि घर सोडून या बेटावरचं तिसरं ठिकाण माहीत आहे का तुम्हाला?"

आगबोटीवरून सुटलेली होडी जवळ आली. पिठाची पोती, गाद्या, एक चिडलेली बकरी, आणि मधल्या फटींमध्ये अंग चोरून बसलेली माणसं. यातला नवा मास्तर कोणता? मावुतो गुडघाभर पाण्यात शिरला, मग मांडीभर. हात पुढे केला, चेहऱ्यावर हसू आणलं, "लिकोमा बेटावर आपलं –" एवढं म्हटलं, आणि लाटेने त्याचे पाय काढून घेतले.

कुणीतरी कोटाची कॉलर धरली. वर ओढलं. नाकातोंडातलं पाणी झटकून त्याने डोळे उघडले, तर होडीच्या काठावरून एक मुलगी वाकली होती. एका हातात तिचे बूट, दुसऱ्या हातात त्याची कॉलर.

"तुम्ही बुडताय," तिने विचारलं, "की स्वागत करताय?"

"स्व... स्वागत."

"मग चालू द्या," म्हणून तिने कॉलर सोडली, आणि तो पुन्हा बसला पाण्यात.

ही एनिफा. उत्तरेकडच्या कारोंग्याची, नुकतीच मास्तरीण झालेली. पाण्यातून चालत ती वाळूवर आली, ओलं झालेलं चितेंजेचं कापड कमरेभोवती नीट गुंडाळलं, आणि गुडघ्यात किंचित वाकून, टाळी वाजवून तिने रीतसर नमस्कार केला. एवढ्या ओल्या माणसाला एवढ्या आदराने कुणी नमस्कार केलेला बायकांनी पाहिला नव्हता. भांडी थांबली.

"आपलं नाव, सर?"

"मावुतो."

"मावुतो? म्हणजे 'अडचणी'?" तिने ओठ दाबून हसू आवरलं. "आईवडिलांनी विचारपूर्वक ठेवलेलं दिसतंय."

"मी जन्मलो तेव्हा घरचे दिवस वाईट होते."

"मग सुधारले का?"

"सुधारतायत..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आजपासून."

त्याला अर्थात बदलीबद्दल म्हणायचं होतं. पण वाक्य बाहेर पडलं ते भलत्याच आवाजात. भांडी घासणाऱ्यांतली एक दुसरीला कोपर मारून म्हणाली, "अगं बाई!"

*

त्याने ठरवलं होतं, वाईट एक शब्द बोलायचा नाही.

पहिल्यांदा त्याने तिला मोठ्या चर्चमध्ये नेलं. दगडी, थंड, एवढंसं बेट आणि त्यावर एवढं अवाढव्य चर्च, की बाहेरचा माणूस मान वर करतो ती करूनच राहतो. "पाहा मॅडम! इथे बसलं की मनाला काय शांती मिळते! मी तर रोज –"

"सर!" झाडू मारणाऱ्या बाईने हाक मारली. "आज इकडे कुठे? वाट चुकलात?"

एनिफाने काही न ऐकल्यासारखं केलं. ती खांबावरून तळहात फिरवत पुढे गेली. रंगीत काचेतून उतरलेलं ऊन तिच्या गालावर पडलं... निळं, मग तांबडं. मावुतो चर्च कुणी बांधलं, दगड कुठून आणला, हे रात्री पाठ करून आला होता. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मग?" ती वळली. "पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"तुम्ही म्हणालात, 'आणि मग त्यांनी'... आणि गप्प झालात. केव्हाची वाट बघतेय मी."

"मग त्यांनी... बांधलं," मावुतो म्हणाला.

बाजार गोरखचिंचेच्या झाडाखाली भरतो. "सगळं मिळतं इथे," त्याने हात फिरवून दाखवलं. सगळं म्हणजे वाळवलेली उसिपा मासळी, काड्यापेट्या, आणखी उसिपा, आणि एस्नाती आजीच्या पुढ्यात तीन टोमॅटो. आजी मंदासी, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळत होती. तिने गरमागरम मंदासी पानावर ठेवून एनिफाच्या हातात दिल्या आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"ही का रे तुझी सुटका?"

मावुतोला ठसका लागला. "आजी, ह्या नवीन मॅडम. बेट बघायला आल्यात."

"बघ हो पोरी, बघ. हा आमचा सर सांगतो, माशांचा वास याच्या स्वप्नातसुद्धा येतो."

"मला वास आवडतो, असं म्हणालो होतो मी," मावुतो घाम पुसत म्हणाला.

"हो? मग नाकाला रुमाल बांधून बाजारात कोण येतं, माझा मेलेला नवरा?"

एनिफा मंदासी खात होती. तिचे खांदे हलत होते.

पुढे वाट टेकडीवरून जाते. ऊन चढलं, कोट वाळून कडक झाला. वरून पलीकडचे मोझांबिकचे डोंगर हात लावता येतील इतके जवळ दिसत होते. मावुतो सांगत होता, की इथे डास नाहीत, साप नाहीत, उकडत तर मुळीच नाही. हे सांगताना त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला. एनिफाने वाटेवरच्या झाडाखालून दोन आंबे उचलले, एक त्याला दिला, आणि दुसरा दातांनी सोलून खात खात म्हणाली, "म्हणजे स्वर्गच म्हणा ना."

"अगदी!"

"मग तुम्ही का निघालात?"

"मी... इतरांनाही संधी मिळावी म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हनुवटीवर आंब्याचा रस, डोळ्यांत खट्याळपणा. मावुतोला वाटलं, आता आपण पकडले जाणार. आणि गंमत म्हणजे, त्याला त्याची भीती वाटायच्या ऐवजी भलतंच काहीतरी वाटलं. लाटेने पुन्हा पाय काढून घेतल्यासारखं.

*

दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर पोचले, तेव्हा सरोवरावर लांब एक काळा खांब उभा राहिलेला दिसला. आभाळापर्यंत गेलेला, हळूहळू झुलणारा.

"तो धूर कसला?" एनिफाने विचारलं.

मावुतोचा चेहरा पडला. आजच! "तो... आगबोटीचा."

"आगबोट तर पलीकडच्या अंगाला आहे."

"वाऱ्याने इकडे आणलाय."

धूर जवळ येऊ लागला. गुणगुणू लागला. "मॅडम," मावुतो ओरडला, "तोंड मिटा!" आणि दुसऱ्याच क्षणी चिलटांचा तो ढग त्यांच्यावर कोसळला. नाकात, कानात, केसांत चिलटंच चिलटं. त्याने कोट काढला, तिला खडकाच्या आडोशाला ओढलं आणि दोघांच्याही डोक्यावरून कोट घेतला.

आत अंधार. बाहेर लाखो पंखांचा आवाज. तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता, आंब्याचा वास घेऊन.

"डास नाहीत म्हणालात," अंधारातून आवाज आला.

"हे डास नाहीत. चावत नाहीत."

"अच्छा." तिने कोटाची कड खाली ओढून धरली. "सर, तुम्हाला एक सांगू? रागवाल?"

"सांगा."

"काल रात्रभर बोटीच्या डेकवर तुमच्याच गोष्टी चालल्या होत्या. कोळी, दुकानदार, सगळे सांगत होते. तिथला एक मास्तर आहे, त्याची पेटी कायम भरलेली असते, तू हो म्हटलंस की तो उडी मारून पळेल. मला सगळं माहीत होतं."

मावुतोचे कान तापले. बरं झालं अंधार होता. "आणि तुम्ही सकाळपासून माझं सगळं ऐकून घेतलंत?"

"घेतलं."

"का?"

"तुम्ही थापा फार छान मारता," ती म्हणाली. मग थांबून, हळू, "आणि थाप मारताना माझ्याकडे बघून विसरून जाता... ते पण बरं वाटत होतं."

कोटाखाली जागा फारच कमी होती. मावुतोने मान वळवली असती तर... त्याने वळवली नाही. धीरच झाला नाही.

"आता एक तरी खरं सांगा," ती म्हणाली.

मग तो खरं बोलू लागला. पावसाळ्यात वारा सुटला की आगबोट येत नाही. मागच्या वर्षी साखर संपली. एस्नाती आजीकडे थोडी होती. तिने त्याच्या पुड्या करून घरोघरी वाटल्या, आणि जिला तो नाक दाबून दाखवायचा, तिने त्याच्याकडेही एक पाठवली. पहिल्या वर्षी त्याने वर्गात उदाहरण घातलं – दोन आगगाड्या एकाच रुळावरून समोरासमोर येतायत, कुठे भेटतील? आगगाडी कुणीच पाहिलेली नव्हती. शेवटी एक मुलगी उभी राहून म्हणाली, सर, एकीने दुसरीला वाट का नाही दिली? होड्या देतात.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? त्या दिवसापासून माझ्या सगळ्या उदाहरणांत होड्याच आहेत. आणि त्या एकमेकींना वाट देतात... त्यामुळे उत्तर काही केल्या येत नाही."

एनिफा एवढी हसली की कोट हलला आणि चिलटं आत आली. हसता हसता तिचं कपाळ त्याच्या खांद्याला टेकलं आणि क्षणभर तिथेच राहिलं.

ढग गेला. किनाऱ्यावर बायका ओल्या टोपल्या फिरवून चिलटं पकडत होत्या. एकीकडे त्या चिलटांच्याच थापलेल्या वड्या भाजल्या जात होत्या. त्यांतल्या एकीने एक वडी पुढे केली. एनिफाने खाल्ली आणि अर्धी मावुतोच्या तोंडासमोर धरली. तीन वर्षांत त्याने ती कधी तोंडात घातली नव्हती. आता तिच्या बोटांतून खाल्ली.

"कशी आहे?"

"खारट," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "...चांगली आहे."

"ठरलं तर मग," एनिफा हात झटकत म्हणाली. "मी राहते. माझा होकार. सुटलात तुम्ही, अभिनंदन!"

टोपल्यावाल्या बायकांनी जीभ हलवून असा काही आनंदाचा कल्लोळ केला की खडकावरचे पाणकावळे उडाले. एक जण तर बातमी घेऊन गावाकडे पळालीच.

मावुतोच्या काळजाने आनंदाने उडी मारायला हवी होती. ते बसूनच राहिलं.

*

परतीच्या वाटेवर त्याची चाल मंदावत गेली.

"अजून एक किनारा राहिलाय," तो म्हणाला.

"सर, हा आपण सकाळी पाहिला."

"तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला होतं."

पाहिला पुन्हा. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, नीट विचार करा. इथे साप आहेत."

"सकाळी एकही नव्हता."

"सकाळी झोपलेले असतात."

एनिफा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी नाही म्हणावं, असं वाटतंय का तुम्हाला? मग तसं सांगा. आत्ता बोटीने परत जाते."

"नको!"

"मग राहू?"

"रहा... पण मग मी..."

"राहिले तर तुम्ही जाणार. गेले तर मी जाणार. सर, गणित तुम्हीच शिकवता ना?"

खालून आगबोटीचा भोंगा वाजला. एनिफाच्या आवाजातली मस्करी जरा कमी झाली. "बोलायचं काही असेल, तर बोट सुटायच्या आत बोलून घ्यावं माणसाने."

मावुतोने मोठा श्वास घेतला. तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग खाली पाहिलं.

"तुमच्या बुटाचा बंद सुटलाय," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. वाकून तिने बंद बांधला. फारच घट्ट बांधला.

किनाऱ्यावर बघतो तर काय, सगळं गाव जमलेलं! बातमी पोचली होती. त्याची कायम भरलेली पेटी चार जणांनी प्रेमाने उचलून केव्हाच बोटीवर चढवली होती. शाळेची मुलं रांगेत उभी. ढोल. चिपेता बाईंनी भाषण केलं. "मावुतो सर आपल्याला फार आवडायचे. आपण त्यांना आवडायचो नाही, पण त्यात त्यांचा दोष नाही. आज त्यांची इच्छा पुरी होतेय." त्यांनी डोळे पुसले, हे मावुतोने पहिल्यांदाच पाहिलं. एस्नाती आजीने एकाच दोरीने पाय बांधलेल्या दोन कोंबड्या त्याच्या कुशीत कोंबल्या. "शहरात म्हणे कोंबड्यांना चव नसते. घेऊन जा." आणि त्याला होडीत बसवलं, एवढ्या मायेने की नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

होडी निघाली. मुलं निरोपाचं गाणं म्हणत हात हलवत होती. एनिफा मागे, एकटी, वाळूत उभी होती. तिने हात हलवला नाही.

निम्म्या वाटेवर मावुतो नावाड्याला म्हणाला, "वळव."

"काय विसरलं, सर?"

"वळव रे बाबा!"

"पण पेटी वर चढलीय तुमची. बोट थांबायची नाही."

"जाऊ दे पेटी!"

होडी वळली, तसं किनाऱ्यावरचं गाणं एकेका आवाजाने बंद पडलं. मावुतो दोन्ही काखांत कोंबड्या घेऊन पाण्यातून चालत आला आणि सगळ्या गावासमोर उभा राहिला.

"काय झालं?" चिपेता बाईंनी विचारलं.

"मी... जात नाही."

"का?"

"आठवीचे अपूर्णांक राहिलेत शिकवायचे."

"ते मॅडम शिकवतील."

"यांना... होड्यांची उदाहरणं येत नाहीत."

"शिकतील हो! कारण सांगा, सर. तीन वर्षं आमचं डोकं खाल्लंत. आता नीट कारण पाहिजे."

मावुतोने इकडेतिकडे पाहिलं. तीन वर्षं ज्यांच्यावर नाक मुरडलं, ते सगळे कान टवकारून उभे होते. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. मग तो वळला, एनिफाकडे, आणि मुलांना पाढे म्हणायला लावतो त्या आवाजात, एकदम, मोठ्याने म्हणाला, "कारण या इथे राहणार आहेत! आणि मला... मला सकाळपासून यांच्याशिवाय काही सुचत नाहीये! चर्चमध्येसुद्धा सुचलं नाही!"

एनिफा हळूहळू पुढे आली. चेहरा गंभीर, डोळे मात्र ओले आणि चमकते.

"दिवसभर तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," ती म्हणाली. "हे खरं कशावरून?"

"कशावरून म्हणजे?" मावुतोने सरोवराकडे मान हलवली. आगबोट धूर सोडत निघाली होती. "माझे सगळे शर्ट गेले की हो त्या बोटीवरून!"

आता मात्र एनिफाला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, बोटांच्या फटींतून हसू सांडलंच.

"पण बाई," मावुतोच्या आता कुठे लक्षात आलं, "जागा तर एकच आहे ना..."

"एक?" चिपेता बाई कडाडल्या. "इंग्रजी मी शिकवते, शेती मी शिकवते, मुलींचं शिवण मी शिकवते आणि घंटाही मीच देते! नवीन माणूस आलं की तुम्ही जाऊ शकता, असा नियम आहे. गेलंच पाहिजे, असं कोणी म्हटलं होतं? पळायची घाई तुम्हाला!" मग एनिफाकडे वळून त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी दमले."

"ठेवून घ्या," एनिफा म्हणाली. आणि खालच्या आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "मी पण घेईन म्हणते... थापा कमी केल्या तर."

मुलांनी निरोपाचं गाणं तीन वर्षं घोकलेलं होतं. ते वाया घालवायची कुणाची तयारी नव्हती. ढोल वाजला आणि सगळं गाव गात निघालं – जा बाबा, सुखाने जा, आम्हाला विसरू नको. त्या गाण्याच्या तालावर मावुतो सर उलट दिशेने, शाळेच्या वाटेने चालू लागले.

एका माणसाला दोन कोंबड्या सांभाळणं जड जात होतं. एनिफाने एक घेतली. पण दोन्ही कोंबड्यांचे पाय एकाच दोरीला बांधलेले, आणि दोरी अगदीच आखूड. खांद्याला खांदा लावूनच चालावं लागलं. एस्नाती आजीने ते पाहिलं, तोंडाला चितेंजेचं टोक लावलं आणि बाकीच्या बायकांना मागेच थांबवलं.

दोरी सोडवता आली असती. दोघांच्याही हातात ते होतं. सोडवली कुणीच नाही.